उत्तरे देऊन दमलेली वस्ती

गेल्या वर्षीच्या रोवणीच्या दिवसांतली गोष्ट. सिहोऱ्याच्या आमच्या वस्तीत भरदुपारी दोन तरुण आणि एक तरुणी आली. गळ्यात ओळखपत्रे, हातात कागद, पाठीवर बॅगा. त्यांनी आमच्या मावसबहिणीच्या दाराची कडी वाजवली. ती नुकतीच बांधीतून परतली होती. पायाचा चिखल वाळला नव्हता. चूल पेटायची होती. तिने दार अर्धे उघडले, बाहेर पाहिले आणि म्हणाली, "मागच्या खेपेला सांगतलं तेच लिवून घ्या बाप्पा. आता मले बोलवत नाही." आणि दार लावून घेतले.

संध्याकाळी कचेरीतून आल्यावर आम्हाला हे कळले. आम्ही तिला थोडे रागावलोच. "शिकलेल्या माणसांशी असं वागतात का?" असे म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "दादा, तुमीच आणता न त्याईले. पण उत्तरं मले द्या लागतात."

हे वाक्य तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही. कारण ते खरे होते.

तुमसर-बपेरा रस्त्यावरच्या या भागात सर्वेक्षणासाठी कोणी आले की ते आधी आमच्याकडे येते. आम्ही बी.कॉम. झालेले, कचेरीत कारकून, विहाराच्या कामात पुढे. फॉर्म वाचता येतो, शहरातल्या माणसांशी बोलता येते. मग आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना घरोघरी न्यायचो. "ताई, दोन मिनिटं द्या, आपल्या समाजाच्या भल्याचं काम आहे," असे सांगायचो. दोन मिनिटे कधीच लागली नाहीत. पाऊण तास, कधी दीड तास लागला.

आमच्या या बहिणीचा मुलगा सिकलसेलचा रुग्ण आहे. त्यामुळे प्रत्येकाला तिचेच घर हवे असायचे. तीन वर्षांत तिच्या दारी पाच वेळा माणसे आली. एकदा महाविद्यालयाची मुले प्रकल्पासाठी. एकदा बाळंतपण आणि आहाराची माहिती घ्यायला. दोनदा रक्त घ्यायला; दुसऱ्यांदा का, तर पहिला नमुना खराब झाला म्हणून. पाचव्यांदा पुन्हा प्रश्न. मुलाला पहिल्यांदा केव्हा दुखले, किती वेळा भरती केले, किती कर्ज झाले, नवरा काय म्हणतो. प्रत्येक वेळी तिने सांगितले, प्रत्येक वेळी रडली. रक्ताचा कागद मात्र एकदाही तिच्या हाती आला नाही.

सहाव्यांदा तिने दार लावले. पण ही सहावी माणसे प्रश्न विचारायला आलीच नव्हती. ती तपासणी करून कार्ड देणारी आणि औषधाला लावून देणारी माणसे होती.

चार महिन्यांनी तिच्या धाकट्या मुलीचे हातपाय सुजले, ताप चढला, डोळे पिवळे झाले. आधी तुमसरला, तिथून नागपूरला न्यावे लागले. रक्त चढवावे लागले. मुलगी वाचली. तिचाही 'एसएस पॅटर्न' निघाला. हे आधी कळले असते तर लहानपणीच जंतुसंसर्गाला आळा घालणारे औषध आणि लसी सुरू झाल्या असत्या. दोष कुणाचा? दार लावणाऱ्या दमलेल्या आईचा? की तिला दमवणाऱ्यांचा? आणि त्यांना वाट दाखवणाऱ्या आमचा?

विळ्याचा आजार आणि आपली माणसे

सिकलसेल म्हणजे काय हे विदर्भातल्या आपल्या कुटुंबांना वेगळे सांगायला नको. तरी थोडक्यात सांगतो. रक्तातील गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते. आजार आईबापांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणी मूल रुग्ण निघण्याची शक्यता चारात एक, वाहक निघण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी निघण्याची चारात एक. हा कुणाच्या पापाचा किंवा जातीचा आजार नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा गुण टिकून राहिला, कारण वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. आदिवासींत तो आहे, आपल्यात आहे, इतर समाजांतही आहे.

भारतात हा दोष प्रथम १९५२ साली नीलगिरीच्या डोंगरातील लोकांत आढळला. मध्य भारतातील वाहकांविषयी शुक्ला आणि सोलंकी यांचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात १९५८ साली आला. म्हणजे पासष्टांहून अधिक वर्षे या मुलखातल्या माणसांचे रक्त तपासले जात आहे. या संशोधनाचे उपकार आम्ही नाकारत नाही. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात, हे रुग्णांनी आपल्यावर प्रयोग करू दिले म्हणूनच कळले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, त्यामागेही रुग्णांच्या संघटनांची धडपड होती. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. सतरा राज्यांत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट त्यात ठेवले गेले.

पण एक गोष्ट प्रत्येक आईने लक्षात ठेवावी. माणसाचा सिकलसेल पॅटर्न जन्मभर बदलत नाही. बोटाच्या थेंबाची पहिली चाचणी आणि मग इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी यंत्रावर झालेली खात्रीची तपासणी, एवढे झाले की निदानासाठी पुन्हा रक्त देण्याची सहसा गरज नाही. अपवाद थोडे. अगदी तान्हे बाळ असेल, किंवा नुकतेच रक्त चढवलेले असेल, तर काही महिन्यांनी पुन्हा पाहावे लागते. रुग्ण औषधावर असेल तर वेळोवेळी रक्त तपासावेच लागते. पण ते उपचारासाठी, रुग्णाच्या स्वतःच्या भल्यासाठी. बाकी ज्याचे निदान पक्के झाले आहे त्याचे रक्त केवळ 'पॅटर्न बघायला' तिसऱ्या-चौथ्यांदा काढले जात असेल, तर समजावे की पहिल्याने आपला कागद दिला नाही आणि दुसऱ्याने तो मागितला नाही.

शीण कशाकशाचा?

संशोधन करणाऱ्या जगात यावर आता चर्चा होते. एकाच वस्तीवर, एकाच दुःखी घरावर पुन्हा पुन्हा अभ्यास झाला की माणसे थकतात, याला ते नैतिकतेचा प्रश्न मानू लागले आहेत. आमच्या मते हा शीण तीन प्रकारचा असतो.

पहिला वेळेचा. रोवणीच्या दिवसांत मजूर बाईचा अर्धा दिवस म्हणजे अर्धी मजुरी. प्रश्न विचारणाऱ्याला पगार किंवा शिष्यवृत्ती असते. उत्तर देणारीला चहाचा खर्च वरून पडतो.

दुसरा शरीराचा. रक्ताची कमतरता असलेल्या लेकराच्या दंडातून पुन्हा सुई. शास्त्राच्या दृष्टीने ते रक्त चमचाभर असेल, पण सुई पाहून किंचाळणाऱ्या लेकराला धरून ठेवणारी आईच असते.

तिसरा मनाचा, आणि तो सर्वांत जड. आपल्याच भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यात खैरलांजी आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका आणि सुधीर व रोशन ही दोन मुले मारली गेली. त्यानंतर त्या एकट्या उरलेल्या माणसाला तो दिवस किती वेळा सांगावा लागला असेल? पोलिसांना, सीबीआयला, न्यायालयाला, सत्यशोधन समित्यांना, पत्रकारांना. २० जानेवारी २०१७ रोजी ते नागपुरात हृदयविकाराने गेले. न्यायालयापुढे त्यांनी सांगणे आवश्यक होते. त्याशिवाय न्याय मागता आला नसता. पण जे आधीच जबाबात, निकालपत्रात, छापील अहवालांत होते, ते पुन्हा त्यांच्याच तोंडून ऐकण्याची प्रत्येकाला गरज होती का? हा प्रश्न आम्ही आम्हा कार्यकर्त्यांनाही विचारतो.

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नींचेही तेच. २००५ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, २००६ साली मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेने आणि २००८ साली डॉ. नरेंद्र जाधव यांनी या प्रश्नावर अहवाल दिले. प्रत्येकाचे प्रयोजन होते. त्याशिवाय विद्यार्थी, संस्था, वार्ताहर वेगळे. विचारणाऱ्यांचे हेतू निरनिराळे असतात, पण त्या बाईला प्रश्न एकच ऐकू येतो: "त्या दिवशी काय झालं?"

दमलेले उत्तर खरे नसते

यात फक्त उत्तर देणाऱ्याचे नुकसान होते असेही नाही. लांबलचक प्रश्नपत्रिकेत बाया लवकरच ओळखतात की 'हो' म्हटले की आणखी दहा प्रश्न येतात आणि 'नाही' म्हटले की सुटका होते. मग तापही नाही, कर्जही नाही, नवऱ्याची मारहाणही नाही. विचारणाराही थकतो. पाच वर्षांच्या आतील प्रत्येक बाळामागे अधिक प्रश्न असतील तर काही वेळा बाळाचे वय कागदावर सहा होते, हे मोठमोठ्या सर्वेक्षणांच्या तपासणीत दिसून आलेले आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातील ६ लाख ३६ हजारांवर घरांत माणसे गेली. असल्या आकड्यांवर योजना ठरतात. दमलेल्या माणसाच्या 'नाही'ने आकडा चुकला, तर उद्याची योजनाही चुकते आणि ती चूक पुन्हा आपल्याच ताटात येते.

विचारले, पण तपासले नाही

मुंबईचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. १९९८ पासून टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. साध्या व्हिनेगरने गर्भाशयमुख तपासून कर्करोगाचे मरण टाळता येते का, हा प्रश्न होता. ७५,३६० स्त्रियांची दर दोन वर्षांनी तपासणी झाली. ७६,१७८ स्त्रिया तुलनेसाठी ठेवल्या. त्यांना सुरुवातीला एकदा आजाराची माहिती दिली आणि पुढे वर्षानुवर्षे दर दोन वर्षांनी घरी जाऊन कुणाला कर्करोग झाला का, याची नोंद घेतली. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटतात. ही फार मोलाची गोष्ट आहे.

पण मुंबई, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) आणि तमिळनाडूतील दिंडिगुल येथील अशा तीन अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या १,३८,६२४ स्त्रियांपैकी किमान २५४ जणी त्याच कर्करोगाने गेल्या, ही बाब नंतर टीकाकारांनी मांडली. त्या काळी देशात कुठेच सर्रास तपासणी होत नव्हती, म्हणून आम्ही कुणाचे काही काढून घेतले नाही, असे संशोधकांचे म्हणणे. तर मुंबईच्या स्त्रियांना संमती घेताना पुरेशी माहिती दिली नव्हती, असे अमेरिकेच्या सरकारी देखरेख कार्यालयाने २०१२ साली ठरवले. कारण पैसा तिथला होता. दोन्ही बाजू वाचून आमच्या मनात एवढेच येते: दर दोन वर्षांनी दारात येऊन विचारणाऱ्याला त्या बायांनी प्रत्येक वेळी वेळ दिला. त्यांना वाटले असेल, आपली काळजी घेतली जात आहे. काळजी घेणे आणि नोंद घेणे यातला फरक दारातच स्पष्ट सांगितला गेला पाहिजे.

मग दारे बंद करायची का?

नाही. तसे केले तर आमच्या भाचीसारखी लेकरे मागे राहतील.

परमपूज्य बाबासाहेबांनी स्वतः चौकशीचे काम केले आहे. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. या कामाच्या दौऱ्यातच १९२९ साली चाळीसगावला टांग्याचा अपघात होऊन त्यांचा पाय मोडला. लोकांनी आपली गाऱ्हाणी सांगितली आणि १९३० च्या अहवालात वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांच्या शिफारशी आल्या. विचारायचे ते बदलण्यासाठी, हा त्या चौकशीचा हेतू होता. आकडे नसते तर आपले दुःख सरकारदरबारी कुणी मानले असते?

शेजारच्या गडचिरोलीचेही उदाहरण आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले आणि ४७ गावांशी तुलना केली. कामाच्या गावांत हजारी ६२ वर असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. १९९९ साली हे छापले गेले आणि पुढे देशभरातील आशाताई नवजात बाळ पाहायला घरी जाऊ लागल्या. तिथे विचारायला येणारी बाई गावातलीच होती आणि ती रिकाम्या हाताने येत नव्हती.

दक्षिण आफ्रिकेतील सान या आदिवासी लोकांचा फार अभ्यास झाला. त्यांच्या रक्तावर, भाषेवर, चालीरीतींवर ग्रंथ निघाले. शेवटी २०१७ साली त्यांनीच संशोधकांसाठी आचारसंहिता लिहिली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि रीतसर पद्धत अशी तिची पाच कलमे. ज्यांचा अभ्यास होतो त्यांनीच नियम सांगितले. आपल्याला ते का जमू नये?

आपल्या देशातही नियम आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वे २०१७ साली सुधारून आली. त्यानुसार अभ्यासाला नैतिकता समितीची मंजुरी लागते, आपल्याला कळेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावे लागते, 'नाही' म्हणण्याचा आणि मध्येच थांबण्याचा हक्क असतो, आणि त्यामुळे आपला उपचार अडवता येत नाही. सात वर्षांवरील मुलांची स्वतःची तयारीही विचारावी लागते.

दारात विचारायचे प्रश्न

कुणी आले तर आधी ओळखावे की हे तिघांपैकी काय आहे. जनगणना असेल तर कायद्यानेच उत्तर द्यावे लागते, आणि ते नीट द्यावे. उपचाराची तपासणी असेल तर ती आपल्या भल्याची, टाळू नये. संशोधन असेल तर ते आपल्या मर्जीवर आहे. मग नम्रपणे विचारावे:

१. आपण कोण, कुणी पाठवले, समितीची मंजुरी कुठे आहे?
२. हीच माहिती आधी कुणी घेतली आहे का, हे आपण पाहिले का?
३. किती वेळ लागेल, आणि कामाचे दिवस टळल्यावर येता येईल का?
४. रक्त घेतल्यास त्याचा कागद मला केव्हा मिळेल?
५. आजार निघाला तर औषधाला कोण लावून देईल?
६. नको वाटले तर मध्येच थांबता येईल ना?
७. अभ्यासाचा निष्कर्ष आमच्या वस्तीत येऊन सांगाल का?

जो खरा अभ्यासक असेल त्याला या प्रश्नांचा राग येणार नाही.

आमच्या विहारात आता एक साधी दोनशे पानी वही ठेवली आहे. कोण आले, केव्हा आले, काय विचारले, काय घेतले आणि काय परत दिले, असे पाच रकाने आखले आहेत. कारकुनाला रकाने आखायचे सोडून दुसरे काय येणार! पण नवीन माणूस आला की आम्ही त्याला आधी ही वही वाचायला देतो. मागच्या महिन्यात एक विद्यार्थिनी आली होती. तिने वही वाचली, तिला हवे असलेले अर्धे तिथेच मिळाले. उरलेले चार प्रश्न तिने विहारात बसून एकदाच सगळ्यांना विचारले आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली. कुणाची मजुरी बुडाली नाही.

शेवटचा रकाना अजून बराच रिकामा आहे. त्यात पहिली नोंद आमच्या मावसबहिणीने स्वतःच्या हाताने केली. तपासणीची माणसे पुन्हा आली तेव्हा तिने दार पूर्ण उघडले, आधी प्रश्न विचारले आणि मग लेकरांना पुढे केले. तिने लिहिले आहे: "दोन कार्ड मिळाले. गोळ्या मिळाल्या."